सहा माणसांचं टेबल

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मास्तरांनी गाडी विकली आणि रिकाम्या गॅरेजात सुतारकामाचं दुकान थाटलं. तीस वर्षं त्यांनी तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवलं होतं. हजारो पोरांकडून खुर्च्या, टेबलं, दारं कागदावर काढून घेतली होती. स्वतःच्या हाताने मात्र एक स्टूलही कधी केलं नव्हतं. हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यांना ते टोचत होतं.

घरात माणसं सात आणि जेवायचं टेबल चौघांचं, तेही घडीचं. आधी दोन्ही नाती आणि मास्तर बसायचे, मग मुलगा आणि सून, मग मास्तरांची बायको. सगळ्यांच्या शेवटी धाकटी, स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून.

धाकटी म्हणजे मास्तरांची बहीण. वय अठ्ठावन्न, पण घरात धाकटी ती धाकटीच राहिली होती. पुढची पिढी तिला आत्या म्हणायची, नाती आत्याआजी. पंधरा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा दुसऱ्या गावातली बुकबाइंडिंगची नोकरी आणि भाड्याची खोली सोडून ती दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून इथे आली होती. आई नऊ वर्षं पडून होती. आई गेल्यावर तिला कुणी जा म्हटलं नाही, आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही. ती राहिली.

"एकेकाने यायचं, हादडायचं आणि उठायचं. हे घर आहे की खाणावळ?" मास्तर एका सकाळी म्हणाले. "मी टेबल करतो. अक्रोडाचं. सगळं घर एका वेळी बसून जेवेल."

धाकटी तेव्हा कप विसळत होती. सगळं घर, हे शब्द तिने ऐकले आणि तिला बरं वाटलं.

वखारीतून फळ्या आल्या त्या दिवसापासून ती गॅरेजात जायला लागली. मास्तरांना दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवंच होतं. मुलगा कामावर, सुनेच्या मागे दोन मुली, बायकोचे गुडघे धरलेले. उरली धाकटी. जड फळी दोघांनी उचलायची, ती धरणार आणि मास्तर करवत चालवणार. मास्तर रंधा मारणार आणि ती भुसा झाडणार. पण पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट दिसून आली, ती म्हणजे या कामातलं मास्तरांपेक्षा तिला जास्त कळत होतं. वीस वर्षं तिने पुठ्ठे, कागद आणि गोंद यांच्यात काढली होती. कागदालाही धागा असतो, ओल लागली की तो एकाच बाजूला फुगतो, आणि चुकीच्या बाजूने चिकटवलेलं पुस्तक जन्मभर तोंड वासून राहतं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

"दादा, ही फळी उलटी ठेव," ती एकदा म्हणाली. "हिची कमान वर आलीय. शेजारचीची खाली आहे. एकाआड एक लावल्या तर टेबलाचा फळा सपाट राहील."

"तू पुस्तकं शिव," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा फळ्या एकाआड एक लावलेल्या होत्या, आणि मास्तर शेजारच्या पोस्टमनला समजावत होते, "कमानी एकाआड एक घ्यायच्या. हे अनुभवानेच कळतं." पोस्टमन मान डोलावत होता. धाकटीने झाडू उचलला.

फळ्या जोडायचा दिवस घाईचा असतो. गोंद धरायच्या आत सहाही फळ्या एकमेकींना भिडवून शिकंज्यांनी आवळाव्या लागतात. मास्तरांकडे लोखंडी शिकंजे सहा होते आणि टोकाशी एक कमी पडत होता. तिथे धाकटीने दोन्ही तळव्यांनी दाब दिला आणि गोंद धरेपर्यंत पाऊण तास तशीच ओणवी उभी राहिली. कंबर आखडली, हात बधिर झाले. पोस्टमन तेवढ्यात दारात आला.

"माझ्याकडे सहा शिकंजे," मास्तर त्याला म्हणाले, "आणि सातवी ही. हिला तेलपाणीसुद्धा लागत नाही."

पोस्टमन हसला. धाकटीही हसली.

पायांच्या खाचा पाडताना एकदा मास्तरांच्या हातातली पटाशी सटकली आणि लाकूड धरलेल्या तिच्या तळव्यात शिरली. रक्त फळीवर सांडलं. मास्तरांनी खिशातला रुमाल काढला आणि आधी फळी पुसली.

"लाकडात मुरलं तर डाग जायचा नाही," ते म्हणाले. फळी पुसून झाल्यावर तोच रुमाल त्यांनी तिच्याकडे टाकला. "बांध त्याने. आणि उद्यापासून हात जरा मागे ठेवत जा."

तीन टाके पडले. टाके होते तोवर तिने एका हाताने पॉलिश पेपर घासला. आधी खरखरीत, मग मध्यम, मग बारीक, मग असा की हातात कापड आहे असं वाटावं. सव्वादोन हात रुंद आणि चार हात लांब फळा तिने तीन आठवडे घासला. तिच्या बोटांचे ठसे झिजले आणि फोन तिचं बोट ओळखेनासा झाला. त्यावर घरात सगळे हसले. सून तेवढी हसली नाही. तिने फोन घेऊन त्यात बोटाऐवजी आकडा घालून दिला आणि रात्री झोपताना लावायला मलम आणून दिलं.

पावसाळी हवा सरत आली तेव्हा टेबल जोडायला झालं. दोघांनी फळा पालथा घालून सुताराच्या लाकडी घोड्यांवर ठेवला, त्यावर पायांचा सांगाडा उलटा बसवला. आता सांगाड्याच्या पट्ट्यांमधून फळ्यात स्क्रू मारायचे, की काम संपलं. पट्ट्यांमध्ये मास्तरांनी गोल नाही, लांबट भोकं पाडली होती. अशा रुंद फळ्याला दमट दिवसांत फुगायला आणि कोरड्या दिवसांत आखडायला वाव लागतो. स्क्रू भोकात जरासा सरकला पाहिजे. फळा जखडून टाकला तर तो आखडताना कुठेतरी फाटतोच.

मास्तरांनी काळं मार्कर घेतलं. पालथ्या फळ्यावर, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, त्यांनी सुवाच्य ड्रॉइंगमास्तरी अक्षरांत तारीख घातली. त्याखाली रेषा ओढून नावं लिहिली. स्वतःचं, बायकोचं, मुलाचं, सुनेचं, मोठ्या नातीचं, छोट्या नातीचं. मग मार्करला टोपण लावलं.

धाकटीने यादी वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"माझं राहिलं, दादा."

"कुठलं तुझं?"

"नाव."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, ज्यांच्या जागा आहेत त्यांची नावं लिहिलीत. तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. खुर्च्या सहाच सांगितल्यात."

"टोकाला एक बसेल ना."

"टोकाला कुणी बसायचं नाही. टोकाकडून लाकडाच्या रेषांचे पट दिसले पाहिजेत, म्हणून तर पाय इतके कडेला घेतलेत. तिथल्या पट्टीखाली गुडघे मावणार नाहीत." ते हसले. "आणि तू कधी टेबलावर जेवलीयस? तुला ओट्याशीच बरं वाटतं. सातवी खुर्ची घुसवली तर या टेबलाची धर्मशाळा होईल."

बाहेरून पोस्टमनने हाक मारली, चहा झाला म्हणून. मास्तर हात पुसत निघाले. दारातून वळून म्हणाले, "अठरा स्क्रू आहेत. प्रत्येक भोकाच्या मधोमध मार. जाम आवळू नकोस, हिवाळ्यात फळ्याला सरकायला जागा हवी. कळलं ना?"

"कळलं," धाकटी म्हणाली.

 मग तिने सांगाडा एका बाजूने उचलून खाली दोन पाचरी सरकवल्या आणि गोंदाची बाटली घेतली. ब्रशने तिने त्या बाजूच्या पट्ट्यांवर गोंद फिरवला, मधल्या आडव्या पट्ट्यांवरही फिरवला. पुस्तकाच्या पाठीला लावतात तसा, पातळ आणि सारखा, कुठे सुटू न देता. मग दुसरी बाजू. पाचरी काढल्या. अठराही स्क्रू तिने फिरेनासे होईपर्यंत आवळले. कडेने बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला आणि फडकं धुऊन वाळत घातलं.  आपण काय करतोय हे तिला नीट माहीत होतं. कधी होईल तेवढं माहीत नव्हतं.

मास्तर परतले तेव्हा ती झाडलोट करत होती. त्यांनी एक-दोन स्क्रूंवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान. शिकलीस."

टेबल घरात आलं. पॉलिशखाली अक्रोडाचे पट काळ्या पाण्यासारखे दिसत होते. पहिल्या जेवणाला सहा खुर्च्यांवर सहा माणसं बसली. धाकटी वाढत होती. सून घास घेता घेता थांबली.

"आत्यांची खुर्ची कुठेय?"

"ती नंतर बसते," मास्तर म्हणाले.

सून उठली. बाल्कनीतून प्लॅस्टिकचं स्टूल आणून तिने टेबलाच्या टोकाशी ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, या. मी वाढते." धाकटी बसली. गुडघे खरोखरच मावत नव्हते, म्हणून ती तिरकी बसली, ताट अर्धं मांडीवर घेऊन. दोन दिवस ती अशी जेवली. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले की स्टुलाची कड टेबलाच्या पायाला घासते, पॉलिश जातंय. मुलगा ताटात बघत राहिला. मास्तरांची बायको म्हणाली, "वन्सं, तुम्हाला तरी कुठे तिरकं बसून घास जातो." स्टूल बाल्कनीत गेलं, धाकटी ओट्याकडे.

पुढे हिवाळा आला. हवा इतकी कोरडी झाली की ओठ फुटायला लागले. छोटीला खोकला झाला आणि बसायच्या खोलीत गारठा, म्हणून सून एका सुट्टीच्या दुपारी हीटर उचलून जेवायच्या टेबलापाशी घेऊन आली. सगळे जेवायला बसले होते. मास्तर मुलाला काहीतरी सांगत होते. मध्येच काठी मोडावी तसा आवाज झाला आणि पेल्यातलं पाणी हललं.

मास्तरांच्या ताटापासून निघालेली भेग हातभर पुढे गेली होती, थेट सुनेच्या ताटाकडे. त्यांनी ताट सरकवलं, भेगेवर तळवा ठेवला. तोंडातला घास तसाच होता. मग ते खाली वाकले आणि त्यांना हीटर दिसला.

"हा कुणी ठेवला?"

"मी, बाबा," सून म्हणाली. "छोटीला गारठा बाधतो म्हणून."

"लाकडाला शेक देतेस तू? हाडं दुखतायत त्याची?"

"मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असेल. तुमच्याकडे जन्मभर प्लॅस्टिकवर जेवलात तुम्ही. तुझ्या बापाने घरात एक लाकडी वस्तू आणली नाही, लग्नात आम्हालासुद्धा प्लायवुड चिकटवलं. सहा महिने मी पाठ मोडून घेतली. सहा महिने. आणि तू एका दुपारी ते फाडून दाखवलंस."

"बाबा, बस झालं," मुलगा म्हणाला, पण इतक्या हळू की ते कुणी ऐकलं नाही असं धरून चालता आलं.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभी होती.

सून भांडी घासायच्या वेळी तिच्याशेजारी आली. डोळे सुजले होते. नळ सोडून ती हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही तर होतात ना टेबल करताना. तुम्हाला कळतं त्यातलं. एवढ्याशा हीटरने खरंच तडकतं?"

धाकटीच्या हातात काचेची वाटी होती. तिने ती विसळली, पालथी घातली.

"तडकतं," ती म्हणाली.

सुनेने मान हलवली. तिचा विश्वास बसला.

त्यानंतर मास्तरांनी त्या भेगेचा जणू वर्गातला धडाच केला. दर रविवारी मोठी नात पट्टी घेऊन भेग मोजायची आणि भिंतीवर टाचलेल्या आलेखाच्या कागदावर टिंब काढायची. "आईने केलेलं आहे, आईला दाखव," मास्तर सांगायचे. मुलगी कागद आईपुढे धरायची. पाहुणे आले की मास्तर भेगेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "ही आमच्या सूनबाईंची सही." लोक हसायचे, कारण मास्तर ते हसत म्हणायचे. सून चहा ठेवून आत जायची. ती आता टेबलाला टेकतही नसे. तिचं जेवण कमी झालं, झोप कमी झाली. एकदा तिने गरम भांडं चुकून टेबलावर ठेवलं आणि स्वतःच दचकून नुसत्या हातांनी उचललं. दोन्ही हातांची बोटं भाजली. धाकटीने तिला मलम लावून दिलं. लावताना सून म्हणाली, "या घरात तुम्ही एकट्याच मला बोल लावत नाही." धाकटीने झाकण लावलं.

सांगायची वेळ रोज येत होती. सकाळी ती ठरवायची आणि दुपारी मास्तरांचा आवाज ऐकला की तिला वाटायचं, अजून थोडं ऐकू दे. शब्द दुसरीला लागत होते, पण टेबल त्यांचं फुटलं होतं आणि ते त्यांना जाळत होतं. यातलं कुठलं सुख मोठं आणि कुठली लाज मोठी, याचा हिशेब तिला लागत नव्हता.

दोन महिन्यांनी मुलाने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. सामान टेम्पोत चढलं, मुली आजीच्या गळ्यात पडून रडल्या, आणि घरात तीन माणसं उरली. मास्तरांची बायको त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

थंडी संपताना मास्तरांनी टेबल दुरुस्त करायचं काढलं. फाटलेली फळी कापून काढायची आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. पोस्टमनच्या मदतीने टेबल गॅरेजात नेलं, पालथं घातलं. पोस्टमन गेला. मास्तरांनी अठरा स्क्रू काढले आणि धाकटीला म्हणाले, "उचल तिकडून."

सांगाडा हलला नाही.

त्यांनी रबरी हातोडीने ठोकून पाहिलं. मग चष्मा वर करून ते पट्टीच्या कडेला वाकले, नखाने खरवडलं. आतल्या कोपऱ्यात, जिथे फडकं पोचलं नव्हतं, गोंदाचा वाळलेला थेंब होता. ते एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर गेले, चारही बाजूंनी फिरले. सगळीकडे एकच बारीक, सरळ, स्वच्छ रेघ. असं काम त्यांच्या हाताला येत नव्हतं.

"तू लावलास," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे हीटरने नाही."

"हीटरने नाही."

  मास्तर लाकडाच्या ठोकळ्यावर बसले. समोर पालथ्या फळ्यावर सहा नावं होती. त्यांनी ती वाचली की नुसती त्या दिशेला नजर लावली, हे तिला कळलं नाही. का, असं त्यांनी विचारलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता, मुलाचा फोन या वेळेला येई. मास्तरांचे हात भुशाने भरले होते. त्यांनी फोन ठोकळ्यावर ठेवला आणि स्पीकर लावला. पण आवाज सुनेचा होता.

"बाबा, मी बोलतेय. ऐकता ना? मुली सुट्टीत यायचं म्हणतायत. मी पण येऊ का, असं विचारायचं होतं." ती थांबली. "टेबलाचं माझ्या फार मनाला लागलंय, बाबा. माझ्याकडून झालं ते झालं. तुम्ही माफ केलंत तरच येईन."

मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. फोनमधून मागे छोटीचं काहीतरी बोलणं ऐकू येत होतं.

"अगं, झालं गेलं," मास्तर म्हणाले. आवाज मऊ होता, असा सुनेने कधी ऐकला नसेल. "माणसाच्या हातून चूक होते. मी मनात ठेवलेलं नाही. पुढच्या वेळी लक्ष ठेव, म्हणजे झालं."

"थँक्यू, बाबा," सून म्हणाली आणि रडायला लागली. मास्तरांनी फोन बंद केला.

"तू तिला माफ केलंस," धाकटी म्हणाली.

"मग खरं सांगायचं होतं? आणि आत्यांनी असं का केलं म्हणून तिने विचारलं असतं तर?"

 मास्तरांनी करवत उचलली. दुपारपर्यंत त्यांनी गोंदाच्या रेघेतून करवत चालवून सांगाडा सोडवला, फाटलेली फळी कापून काढली आणि उरलेल्या पाच जोडल्या. नवीन भोकं पाडली. स्क्रू या वेळी त्यांनी स्वतः मारले.

टेबल वीतभर अरुंद होऊन घरात परत आलं. तिघं त्यावर जेवू लागली. धाकटीला कुणी बस म्हटलं नाही, पण एक खुर्ची ओढलेली असायची आणि ती तिच्यावर बसायची. बहीण-भाऊ समोरासमोर मान खाली घालून जेवायचे. भाजी हवी असली तरी मास्तर ती बायकोकडे मागायचे, भांडं बहिणीच्या हाताशी असलं तरी.

सुट्टीत मंडळी आली. सुनेने येताना सगळ्यांसाठी जाड बुचाच्या चकत्या आणल्या होत्या, पेल्यांखाली ठेवायला, ताटांखाली ठेवायला, भांड्यांखाली ठेवायला मोठ्या. सहा खुर्च्या भरल्या. धाकटी आपली आपण ओट्याकडे गेली आणि वाढायला लागली. आत्या कुठे बसणार, असं या वेळी कुणी विचारलं नाही. सून चकत्या नीट मध्यावर आहेत ना हे तपासण्यात गुंतली होती.

छोटीने पाणी पिऊन ओला पेला चकतीच्या बाहेर, लाकडावर ठेवला. सुनेचा हात पटकन गेला आणि तिने छोटीच्या मनगटावर चापट मारली. चांगलीच जोरात. सगळ्यांना ऐकू आली.

"किती वेळा सांगितलं? आजोबांचं टेबल आहे."

"असू दे गं, पोर आहे," मास्तर म्हणाले.

सुनेने पदराने ओलं पुसलं, दोनदा पुसलं, वाकून डाग राहिला का ते पाहिलं. छोटी रडली नाही. तिने पेला उचलून मांडीवर घेतला, डाव्या हाताने घट्ट धरला आणि उजव्या हाताने जेवायला लागली. चकती समोरच होती, पण पेला परत ठेवायचा तिला धीर होईना. घास उचलताना पेला कलंडायचा आणि तिच्या फ्रॉकवर पाणी सांडायचं. धाकटी तिच्या ताटात भात वाढायला वाकली तेव्हा फ्रॉक पुढून पुरता भिजला होता. तिने भात वाढला आणि पुढच्या ताटाकडे गेली.